गोधडी दिसली की डावीकडे

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं, गुडघ्यांनी त्या कामाचा कधीच राजीनामा दिलाय.) खोकला कसा आहे? औषध स्वतः घेतेस की खिडकीतल्या कुंडीला पाजतेस? आम्ही मजेत. तू पाठवलेली लाल गोधडी इतकी उपयोगी पडतेय, की सगळी वसाहत तुला दुवा देते.

मुलाने या नव्या वसाहतीत घर घेतलं आणि माझी नि माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची ताटातूट झाली. दुकान जुन्या गावात, मी इथे. घर झकास, पण बस मिळायची ती लांब मोठ्या रस्त्यावर, आणि तिथवर चालेपर्यंत माझे गुडघे रडकुंडीला यायचे. मुलगा म्हणे, बाबा, दुकान बंद करा आता. मायेनेच म्हणे, पण मी घरात बसून काय भिंग लावून तांदळातले खडे शोधू? (शोधून पाहिले. हिनेच हात जोडले.)

अखेर वसाहतीत बस सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी मी ऐटीत दुकानातून परत निघालो, तर ड्रायव्हर रस्ता चुकला. त्याचा तरी काय दोष? सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या, सगळ्या पिवळ्या. सिमेंट कालवायच्या त्याच त्या यंत्राभोवती आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या, की तिथला रखवालदार ओळखीचं हसायला लागला. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "उद्यापासून आत येणारच नाही. मोठ्या रस्त्यावरूनच मागे फिरणार!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे दुकान गेलंच की! इतक्यात वर आमच्या गॅलरीत हिने वाळत टाकलेली तुझी गोधडी दिसली. मी ओरडलो, "ती लाल गोधडी! तिथून डावीकडे घ्या!"

तेव्हापासून तो गोधडीवर नजर ठेवूनच बस आणतो. परवा ढग आले म्हणून हिने ती आत घेतली, तर बस सरळ पुढे बांधकामाच्या खड्ड्यापाशी, आणि ड्रायव्हर धापा टाकत आमच्या दारात. "आजी, गोधडी कुठाय?"

"अरे, भिजेल ना ती!"

"भिजू दे हो, माझ्या गाडीत माणसं आहेत!"

आता थांब्याला पाटी लागलीय, नाव चांगलं लांबलचक आहे (पण ती दिसते थांब्यापाशी पोचल्यावर). कंडक्टर मात्र "चला, गोधडीवाले उतरा" असंच ओरडतो. मी रोज दुकानात जातो. मुलगा आता बंद करायचं नावही काढत नाही. उलट स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला देऊन गेलाय. जीव भांड्यात पडला बघ.

तुझा,
धाकटा

ता. क. गोधडी उबदार असणारच. अंगावर घ्यायचा योग मात्र अजून आलेला नाही.

आणखी एक. उन्हाने तिचा रंग उडत चाललाय. काल ड्रायव्हरने पलीकडच्या इमारतीतली गुलाबी चादर बघून बस वळवली. तेव्हा एक नवी, अगदी भडक लाल, शिवशील का? ही म्हणते, पाठवू नकोस, स्वतःच घेऊन ये. कंडक्टरला फक्त "गोधडी" म्हण. पण लवकर नीघ, जुनीचा रंग पुरता जायच्या आत. नाहीतर नवी घेऊन खड्ड्यापाशी उतरशील.