तुळशीच्या तीन पुड्या

ता. ४ ऑक्टोबर

चि. ठमीस आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी ते वर येईपर्यंत न थांबता जिन्यातच वाचून काढलं. चष्मा वर राहिला होता, तरी वाचलं. वर आल्यावर आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले की, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हिच्याकडून काही शिकायला मागतंय, आता आठवडाभर या घरात कुणाला वेळेवर जेवायला मिळत नाही. मिळालं. जरा उशिरा मिळालं.

तुमच्या कारखान्यात तुळशीचा चहा निघणार, आणि चहा किती नि तुळस किती हे ठरवायचं काम तुझ्याकडे आलं, हे मी खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, समोरच्या शिंपीणबाईंना सांगितलं, आणि दुपारी विसरून पुन्हा इस्त्रीवाल्याला सांगितलं. लांब पांढऱ्या टेबलावर चाळीस पेले मांडायचे आणि चमच्याने फुर्र करून चहा ओढायचा, याला नोकरी म्हणतात हे शिंपीणबाईंना पटेना. लहानपणी तू असाच भुरका मारलास म्हणून मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. तो मी आज परत घेतला असं समज.

आता तुळशीचं. दंव सुकलं की सकाळीच तोडायची. माझी सासू तोडण्याआधी झाडाला सांगायची की, दोन डहाळ्या घेते हं. मीही सांगते. झाड हो म्हणत नाही, पण नाहीसुद्धा म्हणत नाही. नख लावायचं नाही, बोटांच्या पेरांनी खुडायची. उन्हात मुळीच घालू नकोस, पान काळं पडतं आणि वास उडून जातो. सावलीत, वाऱ्यावर, जुन्या धुतलेल्या कापडावर पसरायची आणि रोज त्यावरून हात फिरवायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी मुठीत धरल्यावर कुरकुर वाजली की झाली. पान अख्खंच भरून ठेवायचं. चुरा ऐनवेळी.

चहात ती उकळायची नाही. चहा उतरवला की चिमूटभर टाकून झाकण ठेवायचं आणि दोनशे आकडे मोजायचे. मी मोजते, पण आजोबा मध्येच काहीतरी विचारतात, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमचा चहा कधीकधी कडू होतो, त्यात तुळशीची काही चूक नाही. स्वयंपाकात भाजलेल्या बटाट्यावर, टोमॅटोच्या रश्शात, तुपाबरोबर गरम भातावर चुरून टाकते. पण हात आखडता ठेव. जास्त झाली की जेवणाचं औषध होतं आणि घरातली माणसं आजारी असल्यासारखी जेवतात.

सप्टेंबरातला तुझा ताप पुरता गेला ना? त्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस.

सोबत पुडी आहे, वर्तमानपत्रात बांधून लाल दोरा गुंडाळलाय. पोचल्याचं लगेच कळव. माया आहे तशी ठेव.

तुझी आजी

---

ता. १२ ऑक्टोबर

ती. आजीस नमस्कार, वि. वि.

पुडी पोचली. सोडली आणि खोलीभर काय घमघमाट सुटला म्हणून सांगू! थेट तुझ्या गॅलरीत उभं राहिल्यासारखं वाटलं. इतकी सुगंधी तुळस इथे मिळत नाही.

तीस तारखेला आमचे मोठे साहेब आणि मालक दोघे माझं मिश्रण चाखणार आहेत. साहेबांना आम्ही पोरी आपसात नाकसाहेब म्हणतो, बंद दारापलीकडचा चहासुद्धा ते ओळखतात. त्यांना आवडलं तर मी कायम होईन. म्हणून घाईत आहे. ताप केव्हाच गेला. आजोबांना नमस्कार सांग. लोभ असावा.

तुझी ठमी

---

ता. १७ ऑक्टोबर

चि. ठमीस आशीर्वाद.

आजोबांच्या स्वेटराला तुळशीचा वास येतो. ही गंमत म्हणून सांगत नाहीये.

झालं असं की, तुझी पुडी बांधली त्या दिवशी थंडीचे कपडे काढायला मी ट्रंकही उघडली होती. कपड्यांना कसर लागू नये म्हणून गेल्या वर्षीची शिळी तुळस मी अशाच एका पुडीत बांधून त्यात ठेवली होती, डांबरगोळ्यांच्या शेजारी. तोच कागद, तोच लाल दोरा. दोन्ही पुड्या पलंगावर. त्यात शिंपीणबाई ब्लाऊजचं माप घ्यायला आल्या, मी उठले, बसले, बोलले, आणि परत आवरताना ताजी पुडी ट्रंकेत गेली. काल स्वेटर काढला तेव्हा कळलं. म्हणजे तुला पोचली ती वर्षभर डांबरगोळ्यांना चिकटून झोपलेली. आधी ती फेकून दे. कुणाला पाजू नकोस, स्वतःही पिऊ नकोस.

आणि तू लिहितेस, घमघमाट. अगं, घमघमाट सुटला असेलच, पण डांबरगोळी हुंगून गॅलरीतल्या तुळशीची आठवण कुणाला येते?

आजोबा म्हणाले की पोरीने तुझं मन राखलं. मी हो म्हटलं. पण पानं निवडताना मनात येत राहिलं की, ही माझं मन कधीपासून राखायला लागली? माझ्या भाताला सगळ्यांसमोर लगदा म्हणणारी तूच ना? ठमे, काय झालंय? रागावणार नाही. उलट टपाली लिही.

आजी

---

ता. २२ ऑक्टोबर

ती. आजीस,

पुडी फेकली. नशीब, अजून पेल्यात घातली नव्हती.

आजी, मला वास येत नाही. तापानंतर गेला तो आलाच नाही. जिभेला गोड, कडू, खारट एवढंच कळतं. चहा म्हणजे नुसतं गरम, तुरट पाणी. डॉक्टर म्हणतात की येईल, कदाचित दोन महिन्यांनी, कदाचित वर्षाने, कदाचित नाहीच.

पाच आठवडे मी टेबलाशी उभी राहून शेजारणीचा चेहरा बघते. तिने नाक मुरडलं की मी मुरडते. चहाचा रंग बघते आणि जुन्या आठवणीने शेरे लिहिते. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आईबाबांनाही सांगितलेलं नाही. नाक नसलेली चाखणारी कोण ठेवेल? मला दुसरं काही येत नाही, आणि हेच काम मला आवडतं. तीस तारखेला काय करू ते कळत नाही.

तुझं पत्र वाचून खूप रडले. लगदा म्हटल्याबद्दल माफ कर. होता मात्र लगदाच.

ठमी

---

ता. २५ ऑक्टोबर

चि. ठमीस आजीचे आशीर्वाद, आणि पाठीवरून हात.

माझंही रडून झालं, आता लिहिते. लगदा होता, मान्य.

पाच आठवडे एकटीने हे पोटात ठेवलंस, याचा मला राग आहे. तो तू इथे आलीस की काढीन. आधी काम. तीस तारखेच्या आत त्या नाकसाहेबांना जाऊन सांग. मला तिसरीपर्यंतचं येतं, तुमच्या कारखान्यातलं मला काय कळणार. पण एवढं कळतं की, तू बरा म्हणालीस म्हणून तो चहा लोक विश्वासाने घरी नेतात. माझ्यासारखी एखादी म्हातारी तो आपल्या नातीला पाजते. मी चुकून तुला डांबरगोळ्या पाठवल्या तर मला रात्रभर डोळा लागला नाही, आणि तुझं तर हे चुकूनही नाही, तू जाणूनबुजून करते आहेस. हे माझ्या ठमीला शोभत नाही. रागावले तर रागावू देत. नोकरी गेली तर इथे ये. आजोबा म्हणाले की तू आलीस तर ते घोरणं कमी करतील. करणार नाहीत, पण म्हणाले.

आता दुसरं. सोबत ताजी पुडी आहे. या वेळी आजोबांनी हुंगली, मी हुंगली, आणि शिंपीणबाईंनाही बोलावून हुंगायला लावली. रोज सकाळी तोंड धुतलं की दोन पानं चुरगाळून नाकाशी धर, आणि डोळे मिटून त्या तुळशीला कसा वास यायचा ते आठव. येवो न येवो, धर. माझी सासू एकदा पडली तेव्हापासून तिच्या अंगठ्याला संवेदना नव्हती, तिने तो रोज चोळला. सहा महिने आम्ही तिला हसलो. सातव्या महिन्यात तिने त्याच अंगठ्याने माझा गालगुच्चा घेतला.

ही पुडी संपेपर्यंत दुसरी वाळेल, ती आठ-दहा दिवसांनी पाठवते. साहेब काय म्हणाले ते सगळं लिही, वाईटातलं वाईटसुद्धा. माया कमी करू नकोस.

तुझी आजी

---

ता. २० नोव्हेंबर

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

उशिरा लिहिते आहे, कारण लिहिण्यासारखं काही होईपर्यंत धीर होत नव्हता.

एकोणतीस तारखेला साहेबांना सांगितलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग इतकं बोलले की पलीकडच्या खोलीतल्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. माझे सहा आठवड्यांचे सगळे शेरे काढून त्यांनी एकेक चहा पुन्हा चाखला. दोन खोकी कुबट निघाली, आजी. मी त्यांना उत्तम म्हटलं होतं. ती बाहेर पडायच्या आत थांबवली. तुळशीच्या चहाचं काम शेजारणीकडे गेलं, आणि तिने ते चांगलं केलं.

मला वाळवणीच्या माळ्यावर पाठवलंय. तिथे नाक लागत नाही, हात लागतो. परवा तिथल्या बाईंनी तुळशीचं एक ताट उतरवायला सांगितलं, मी मुठीत धरून बघितलं आणि अजून एक दिवस राहू द्या म्हटलं. त्यांनी धरून बघितलं आणि राहू दिलं. साहेबांनी सांगितलंय की टेबलावरची माझी जागा ते मार्चपर्यंत रिकामी ठेवतील. तेव्हा ते स्वतः पेले मांडतील, आणि तेव्हा शेजारणीकडे बघायचं नाही.

आता खरं कारण. तुझी तिसरी पुडी. राग मानू नकोस, पण ती बरोबर नाही. आज सकाळी डोळे मिटून पानं चुरगाळली आणि मला काहीतरी जळाल्यासारखं वाटलं. मी शेगडी बघितली. खाली जाऊन घरमालकीणबाईंना विचारलं. त्यांच्याकडे काहीच जळत नव्हतं. परत वर आले, पुडी उचलली, तर तिलाच धुराचा वास! आजी, ही शेगडीवर वाळवलीस ना? मला सावलीत, वाऱ्यावर म्हणून दोन पानं लिहितेस आणि स्वतः हे धंदे करतेस? मी चांगलीच चिडले. पुडी घरमालकीणबाईंना दाखवायला निघाले, तर जिना उतरता उतरताही चिडलेलीच. अर्ध्या जिन्यात आल्यावर मला कळलं, मी कशावर चिडले आहे.

तिथेच बसले. घरमालकीणबाईंना वाटलं की मला चक्कर आली.

तुळशीचा वास अजून येत नाही. फक्त धुराचा. पण येतो. दहा वेळा हुंगून खात्री केली.

तुझीच ठमी

---

ता. २५ नोव्हेंबर

चि. ठमीस, आजीचे मोजता येणार नाहीत इतके आशीर्वाद.

होय, शेगडीवर वाळवली. सलग आठ दिवस आभाळ होतं, पानं मऊच्या मऊ, आणि तुला तर पाठवीन म्हणून कबूल केलेलं. शेगडीच्या वर दोरी बांधून टांगली. आजोबा म्हणाले की धूर लागेल. तर मी म्हटलं, सांगायलाही लाज वाटते, मी म्हटलं की तिला कुठे कळणार आहे. असं मनात आणलं मी माझ्या नातीबद्दल. कान धर माझे.

तुझं पत्र घरी तीनदा वाचलं, एकदा शिंपीणबाईंकडे आणि एकदा इस्त्रीवाल्याकडे. धुरापाशी आले की मी थांबते आणि पुन्हा वाचते. इस्त्रीवाला म्हणाला की नात एवढी नावं ठेवते आणि आजी हसते, असं त्याने कुठे पाहिलं नाही. त्याला म्हटलं, तू गप इस्त्री कर, तुला काय कळणार. लग्नात माझं कौतुक झालं, तुझा बाबा झाला तेव्हा झालं, पण कुणी बोल लावल्यावर एवढं पोट भरलं नव्हतं कधी. आजोबांनी रुमालात नाक शिंकरलं आणि सर्दी झाली म्हणाले.

आज ऊन आहे. झाडाला सांगून आठ डहाळ्या खुडल्या, नेहमीपेक्षा जास्त, पण कारण सांगितलं तेव्हा झाडाने काही हरकत घेतली नाही. या वेळी सावलीत, वाऱ्यावर, अगदी कायद्याने. तरी पोचली की नीट हुंग आणि काय काय चुकलं ते न भिता लिही. चांगली आहे असं लिहिलंस तर मला पुन्हा काळजी लागेल.

माया आहेच, तक्रारी येऊ देत.

तुझी आजी