बदकांची मागची बाजू

रविवार, १४ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. वाकून केलाय असं समज; आठवडाभर चित्रांच्या चौकटी ठोकून कंबर तशीही सरळ होत नाहीये. बाकी तब्येत ठणठणीत. जेवण वेळेवर होतं. या महिन्यात भांडणं फक्त दोन, त्यातलं एक तर मी सुरू केलेलंच नव्हतं. मागच्या तिन्ही पत्रांत तू विचारलंस, "माझं भरतकाम खरंच लावलंयस ना?" त्याचं उत्तर देतो. पण आधी इकडची खबर.

चौकटींच्या दुकानात मी आता मुरलो. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. कॉलेजातल्या एकाही मास्तरशी माझं पटलं नाही, यांच्याशी पटतं. यांचा एकच दंडक: चित्र हातात आलं की आधी पालथं घालायचं. मागे जुने खिळे, डाग, वाळवी काय आहे ते बघायचं, तोंड नंतर. "पुढून सगळेच गोरेगोमटे असतात," म्हणतात.

समोरच चित्रप्रदर्शनांचा हॉल आहे. तिथे चित्रांखालच्या पाट्या एक मुलगी लिहिते. तिचं नाव सांगणार नाही, तू लगेच आईच्या कानावर घालशील. पाटीवाली म्हण. चौकटी पोचवायला मीच जातो. तीन चौकटी असल्या तर तीन खेपा करतो, यावरून काय ते ओळख.

पहिल्याच दिवशी एका राखाडी चित्राकडे बघून ती म्हणाली, "काय शांत आहे ना?" मी म्हटलं, "अगदी!" मला ते पुसायचा राहिलेला फळा वाटत होतं. पुढे चार महिने हेच. तिला निळं आवडलं की मलाही निळं. तिला घोड्यांचा कंटाळा आला, मी घोड्यांना शिव्या घातल्या. घोड्यांनी माझं काय घोडं मारलं होतं, कुणास ठाऊक.

गेल्या सोमवारी चहा पिताना ती म्हणाली, "ते राखाडी चित्र मला मुळीच आवडत नाही. पाटीवर बरं काहीतरी लिहावं लागतं, म्हणून तसं बोलून बघत होते."

"मलाही नाही आवडत," मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. "आरशांना चौकटी करता करता तूच आरसा झालास का रे? शुक्रवारी तुला, तुला स्वतःला, आवडलेली एक तरी वस्तू घेऊन ये. नाहीतर चहाला येऊ नकोस. मला एकटीला चहा पिता येतो."

ताई, डोकं असं भडकलं म्हणतेस! ज्यानं प्राचार्यांच्या टेबलावर पुस्तक आपटून कॉलेज सोडलं, त्याला स्वतःचं मत नाही? तणतणत दुकानात आलो आणि पहिलाच घाव अंगठ्यावर घातला. मग एकेक चित्र काढून बघत बसलो. डोंगर, फुलदाण्या, कुणाची तरी आत्या. प्रत्येकासमोर एकच प्रश्न पडायचा, हे तिला आवडेल का? मला काय आवडतं ते विचारायला स्वतःच्याच आत गेलो, तर घरात कुणी नाहीच. खरं सांगतो, भीती वाटली.

गुरुवारी शेवटी तुझं भरतकाम काढलं. ट्रंकेतून. हो, ट्रंकेतून. पलंगासमोर लावलंय असं लिहिलं होतं ना, ते खोटं. तळ्यातली तुझी ती दोन बदकं मला कधीच आवडली नाहीत. लिहिलं बघ एकदाचं! पत्र फाडू नकोस, पुढे वाच. बहिणीनं केलंय म्हटलं की पाटीवाली विरघळेल, असा माझा डाव होता.

दुकानात नेलं आणि हाताच्या सवयीनं पालथं घातलं.

बघतच राहिलो. लाल दोरा एका चोचीपासून निघून, तळं ओलांडून, तिरका दुसऱ्या चोचीला गेलाय. निळ्यावर हिरवं चढलंय. उसवून पुन्हा घातलेल्या टाक्यांची भोकं दिसतात. आणि एका बदकाच्या मानेमागे काळ्या दोऱ्याचं नुसतं रान माजलंय, गाठीवर गाठ. पुढून तीच मान कशी ताठ, गुळगुळीत! माझा चहा गार झाला.

"काय रे, वाळवी?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. आवडलं."

हा शब्द चार महिन्यांत हजारदा बोललो असेन. पण या वेळी 'तिला आवडेल का' हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

तसंच काचेखाली बसवलं. मास्तर कडाडले, "गाढवा, पालथं बसवलंस!" मी म्हटलं, "सुलटंच आहे." दोनपैकी पहिलं भांडण हे.

शुक्रवारी पाटीवालीनं ते बराच वेळ बघितलं.

"नाही आवडलं मला," ती म्हणाली. "नुसता गुंता आहे."

झालं! मी जो सुटलो! तो लाल दोरा कसा धावतोय बघ, त्या गाठी काढल्या तर उरेल काय, तुला डोळे आहेत की बटणं... अर्धा तास. ती गालावर हात ठेवून ऐकत होती. मग तिनं मला मागचा पुठ्ठा काढायला लावला, पुढची बाजू बघितली आणि ओरडली, "अय्या, बदकं! किती गोड!"

"शी!" मी म्हणालो.

"तूच शी!"

हे दुसरं भांडण. अजून मिटलेलं नाही. उद्या पाच वाजता चहाला पुढे चालू करायचं ठरलंय.

आता त्या मानेबद्दल. ती कधी भरलीस, मला ठाऊक आहे. कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या संध्याकाळी मी आणि बाबा एकमेकांवर ओरडत होतो आणि तू कोपऱ्यात काळा दोरा घालत होतीस. एकदाही वर बघितलं नाहीस. हिला कुणाचं काय, हिची बदकं बरी, असं मी वर्षभर मनात धरून बसलो. ट्रंक त्यासाठी होती, ताई. आवडनिवड नंतरची. परवा त्या गाठी बोटानं चाचपल्या. तीन ठिकाणी दोरा तुटलाय. एरवी तुझ्या हातून कधी दोरा तुटत नाही.

आता ते खरोखर पलंगासमोर आहे, गाठी पुढे करून. पाटीवालीला बदकांची एक जोडी हवीय, जमलं तर भर. पुढच्या महिन्यात चार दिवस घरी येतोय. बाबांना सांग, आवाज चढवणार नाही. चढलाच, तर या वेळी मान वर कर.

तुझ्या गाठी ज्याला उशिरा दिसल्या, तो
तुझा उलट्या डोक्याचा भाऊ