शाळेची इर्जिक

७ जुलै, सोमवार
पडद्यावर पाच काळे चौकोन, आणि त्यांच्यासमोर बडबडणारी मी! वेल्ह्याकडच्या एकाच वाडीतल्या पाच पोरी. शाळा सुटून वर्षं झाली, आता दहावी बाहेरून देणार. पुण्याच्या संस्थेनं गणिताचा ऑनलाइन वर्ग माझ्या गळ्यात घातलाय. भोरला निवृत्त होऊन बसले होते ना सुखात!
"समजलं का गं?" — चिडीचूप. शेवटी सुलक्षणा एकटी म्हणाली, "व्हय बाई."
हे आतून म्हणाले, "भिंतीला निदान कान तरी असतात."

१० जुलै, गुरुवार
संस्थेच्या साहेबांचा फोन. मुली बोलत नाहीत, कॅमेरा लावत नाहीत. असंच चाललं तर महिनाअखेर वर्ग बंद.
मग या पोरींना मार्चमध्ये कोण तारणार? आणि खरं सांगायचं तर आता मलाही पाच वाजले की त्यांच्याशिवाय करमत नाही.

११ जुलै, शुक्रवार
कोडी घातली, गोष्टी सांगितल्या. आज फक्त रत्ना बोलली. प्रेरणाला विचारलं तर तिच्या चौकोनातूनही रत्नाचाच आवाज! म्हणे सर्दी झालीय.

१४ जुलै, सोमवार
आज हट्टच धरला — कॅमेरे लावा, नाहीतर शिकवणार नाही! एकेक करत पाचही चौकोन उघडले.
पाचांतही रत्नाच! एकात समोरून, एकात बाजूनं, एकात नुसता कान. टेकाडावर छत्रीखाली पाच फोन मांडून बसली होती.
"बाकीच्या कुठं आहेत?"
"लावणीला, बाई. इर्जिक हाय. आज प्रेरणाच्या वावरात समद्यांनी भात लावायचा, उद्या माज्या. रेंज हितंच येती, म्हणून शाळेचीबी तशीच इर्जिक केली. पाळीपाळीनं एकेकीनं बसायचं, रात्री बाकीच्यांना शिकवायचं. हजेरी तर पडती न्हवं?"
भडकलेच मी. ही फसवणूक आहे, म्हणाले आणि कॉल तोडला.

१५ जुलै
आज पाळी प्रेरणाची. काल ती चिखलात होती, शुक्रवारीही. शुक्रवारचं गणित तिला मुद्दाम घातलं. सगळ्या पायऱ्या बरोबर. त्या दिवशी मी घाईत केलेली बेरजेची चूकसुद्धा तशीच्या तशी!
हसू आवरेना. म्हणजे एक ऐकते आणि पाच शिकतात. इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, असा वर्ग नाही मिळाला.
साहेबांचा फोन लागेना, म्हणून सगळं बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. खूश होतील.

१८ जुलै
खूश कसले! आज साहेबांचा फोन आला. "म्हणजे बाई, हजर एकच आणि हजेरी पाचांची? असं नाही चालत." एक तारखेपासून वर्ग बंद.
माझीच जीभ! गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

३१ जुलै
शेवटचा तास. पाळी सुलक्षणाची होती. तिला सांगितलं. ती नुसतं "बरं बाई" म्हणाली. रडू आलं मला, कॅमेरा बंद केला.

४ ऑगस्ट
पाच वाजता मोबाईल वाजला. रत्नाचा व्हिडिओ कॉल. एका फोनसमोर पाचही जणी दाटीवाटीनं बसलेल्या.
"बाई, लावणी उरकली. कुटवर आलतो आपण?"