शनिवार पेठेत शेळी

२ फेब्रुवारी, सकाळी ७
शेळी आणली. नाव इंदू ठेवलं. देताना खडकवासल्याच्या सर्जेरावांनी विचारलं, "काका, जागा हाय ना?" म्हटलं, तळमजल्याचा फ्लॅट, मागे अंगण, शिवाय मन मोठं. चौथीच्या पुस्तकातली शेळी अजून तोंडपाठ आहे. खरी मात्र बहात्तराव्या वर्षी मिळाली. मंदाकिनी म्हणाली, "तिचं सगळं तुम्ही बघायचं. तुमचंही." हिला आवडलेली दिसते.
संकल्प: रोज पहाटे पाचला दूध काढणे.

३ फेब्रुवारी, सकाळी ९
उठायला उशीर झाला. वरच्या मजल्यावरच्या रंगरावांनी विचारलं, "दिगंबरराव, अलार्म छान आहे, बंद कुठून होतो?" रसिक माणूस.
दूध अर्धी वाटी. उरलेलं लेंग्यावर.

५ फेब्रुवारी
इंदूला शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या. चष्मा आणायला आत गेलो, तेवढ्यात तिनं चार पानं खाल्ली, अनुक्रमणिकेसकट. आमच्या वर्गात कवितेची इतकी आस्था कुणालाच नव्हती.

७ फेब्रुवारी
सोसायटीची सेक्रेटरी मैत्री नोटीस घेऊन आली. नियम १४: आवारात दुभती जनावरं, कोंबड्या पाळायच्या नाहीत. तिच्या जास्वंदीची फक्त कुंडी उरली आहे म्हणे. "काका, ही शेळी आहे." मुलीनं बरोब्बर ओळखली!
सोळा तारखेला मीटिंग. सभासदांनी नियम बदलला तर इंदू राहील, नाहीतर त्याच दिवशी बाहेर. सभासद माझ्याच बाजूनं आहेत. अजून तसं कुणी बोललेलं नाही, एवढंच.

१० फेब्रुवारी
वॉर्ड ऑफिसात इंदूचा परवाना काढायला गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, फॉर्म कुत्र्याचा आहे. म्हटलं, चालेल. "आम्हाला नाही चालणार. आणि आधी सोसायटीची ना-हरकत आणा." म्हणजे यांची स्वतःची हरकत नाही. निम्मं काम झालं.

१२ फेब्रुवारी
मंदाकिनीनं माळ्यावरून सोसायटीची जुनी फाईल काढली. नियम १४ माझ्याच अक्षरात! सत्त्याण्णव साली मी सेक्रेटरी होतो, तेव्हा शेजारच्या सुंदराबाईंच्या कोंबड्यांसाठी केलेला. "अहो, त्या रडल्या होत्या तेव्हा." मला कसं आठवत नाही? अक्षर मात्र काय सुरेख.
उलट बरंच झालं. ज्यानं नियम लिहिला, त्याला पळवाट ठाऊक असणारच. शोधतो आहे.

१५ फेब्रुवारी
पळवाट नाही. फारच पक्कं लिहिलंय. म्हणून भाषण तयार केलं, सव्वीस मिनिटांचं. इंदूसमोर तालीम केली. तिसऱ्या मिनिटाला ती झोपली. भाषणाला लय आहे.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. माझ्या भाषणाआधी मैत्रीनं नियम १४ मोठ्यानं वाचला: "मानवाच्या निवासस्थानी मानवाची निद्रा अभंग राहावी, प्रभातकाळी केवळ देवळातील घंटानाद कानी यावा, यास्तव..." रंगराव म्हणाले, "वा! काय लिहिलंय!" हल्ली असं मराठी लिहितं कोण? मैत्रीनं विचारलं, "हा नियम कायम ठेवावा असं कुणाकुणाला वाटतं?"
सगळ्यांच्या आधी माझा हात वर.
ठराव एकमतानं मंजूर. भाषण खिशातच.
चार वाजता सर्जेराव टेम्पो घेऊन आले. इंदू आपणहून चढली. एकदा वळून पाहिलं तिनं, रंगरावांच्या कढीपत्त्याकडे.