मनाची बाजू माझ्याकडं

१२ नोव्हेंबर १९९८, जालना

ही वही वाचणार कोण, तर हेच. मला अक्षर येत न्हाई, आणि ह्यांना काल ठेवलेला चष्मा आज सापडत न्हाई. म्हणून पहिल्यांदा हे लिहा, अहो: वही डाळीच्या डब्यामागं आहे. दुसरं, मी सांगते तेवढंच लिहायचं. तुमचं मधी घालू नका.

तर, शिवकन्येच्या टेनिसच्या सरांनी आज आपल्या मच्छिंद्रला बोलवून घेतल्तं. म्हणले, तुमच्या पोरीचा हात चांगला आहे, मन कच्चं आहे. समोर कोण आहे ह्याचाच धसका घेते. मच्छिंद्र म्हणला, औरंगाबादच्या स्पर्धेतून राज्याच्या टीममध्ये गेली तर ठीक, न्हाई तर रॅकेट माळ्यावर आणि बारावीची ट्यूशन चालू. बाप आहे, त्याचंही बराबर. पण नात जेवली न्हाई.

मी ठरवून टाकलं. हात सरांनी बघावा. मनाची बाजू माझ्याकडं.

१५ नोव्हेंबर

पद्धत ठरली. समोरच्या पोरीची सगळी माहिती काढायची. माहिती झाली की भीती जाते. सोयरीक जमवताना आपण काय करतो? घर कसं, मामा कोण, माणसं तापट की थंड. आपल्या भावकीतल्या निम्म्या सोयरिकी मी जमवल्या. एकच मोडली, आणि ती मुलाच्या आत्यामुळं.

शिवकन्या म्हणली, आजी, ही मॅच आहे, लग्न न्हाई. म्हणलं, दोन्हीकडं समोरच्याचा स्वभाव कळलेला बरा.

२२ नोव्हेंबर, सकाळ, औरंगाबाद

संकल्प: मॅच चालू असताना तोंड उघडायचं न्हाई. सरांना शब्द दिला.

संध्याकाळ

शब्द पाळला. फक्त दोनदा “अगं, वाक की” म्हणलं, तेही सहज. उंच खुर्चीवरच्या पंचानं माझ्याकडं बघितलं. एवढ्या उंचावर बसल्यावर माणूस चहूकडं बघणारच.

शिवकन्या जिंकली. उद्या सेमीफायनल, परभणीच्या वैजयंताशी.

आणि माझं नशीब बघा, वैजयंताची आजी, साळूबाई, माझ्या शेजारीच बसल्या होत्या. ओळख काढली तर त्यांची धाकटी जाऊ परतूरची, माझ्या मामेबहिणीच्या घरातली. म्हणजे घरचंच माणूस! गोडीगोडीनं सगळं काढून घेतलं. वैजयंता पालीला भिते. जेवल्यावर तिला झोप येते. तापटपणा मामाचा घेतलाय.

आता आपणही चार गोष्टी सांगाव्या लागतात, न्हाई तर उलटतपासणी केल्यासारखं दिसतं. त्यात त्यांनी शिवकन्येचं कौतुक केलं. कोणी आपल्या पोरीचं कौतुक केलं की लगेच हो म्हणावं का? म्हणलं, कसलं काय बाई, चेंडू डाव्या बाजूला आला की आमचीचे हातपाय गळतात. आणि कोणी ताटकळत ठेवलं तर अशी चिडते की समोरचं दिसत न्हाई. एवढंच बोलले. साळूबाई भोळ्या आहेत. त्यांच्या काही ध्यानात राहायचं न्हाई.

२३ नोव्हेंबर

हरली.

वैजयंतानं एकूणएक चेंडू डाव्या बाजूला टाकले. योगायोग. वर त्या पोरीच्या बुटाची नाडी घडीघडी सुटायची. ती बसून बांधून राह्यली आणि आमची उभ्या उभ्या लाल. घरात कोणी त्या पोरीला साधी गाठ मारायला शिकवलं न्हाई.

माझी माहिती बिलकुल चूक नव्हती. मॅच जेवणाच्या आधी ठेवली, त्याला मी काय करणार? आणि क्लब एवढा स्वच्छ, की पाल औषधाला न्हाई.

सर म्हणले, हिचं सगळं तिकडं कळलं कसं? मीही म्हणलं, कसं? (हे लिहायचं थांबून माझ्याकडं बघून राह्यले. लिहा.)

२५ नोव्हेंबर

फायनल वैजयंताही हरली. टीममध्ये जागा दोनच, त्यातली जिंकलेल्या पोरीची पक्की. दुसऱ्या जागेसाठी वैजयंता आणि शिवकन्येचे वर्षाचे गुण सारखे भरले, म्हणून कमिटीनं दोघींची पुन्हा मॅच ठेवली. मच्छिंद्र ट्यूशनवाल्याकडं चौकशी करून आला. शिवकन्या दिवसभर भिंतीवर चेंडू मारत होती, मंग बराच वेळ नुसती भिंतीकडं बघत बसली.

संकल्प: आता दुप्पट लक्ष घालायचं.

८ डिसेंबर

माझ्या कामाला फळ आलं! पोरगी आपणहून जवळ बसली, पाय चेपले. म्हणली, आजी, तुलाच सांगते, कोणाला बोलू नको. डावी बाजू मी पक्की केली. पण उजवा खांदा भरून आलाय, उजवीकडचा चेंडू उचलत न्हाई. आणि कोणी जल्दी जल्दी खेळवलं की गडबडते मी.

आईला सांगितलं न्हाई, सरांना न्हाई, मला सांगितलं. खांद्याला हळद-तेल लावलं. गोष्ट पोटात ठेवली.

१० डिसेंबर

साळूबाईंना फोन लावला, तब्येत विचारायला. त्यांनी पोरगी कशी आहे विचारलं. पाहुण्यांशी खोटं कसं बोलायचं? खांद्याला हळद लावून राह्यले, एवढंच म्हणलं. कोणता खांदा, ते त्यांनीच विचारलं. मंग बोलता बोलता ते जल्दीचंही निघालं.

पण हे मला कोणी सांगितलं, ते नाव मी घेतलं न्हाई.

१३ डिसेंबर, संध्याकाळ

जिंकली! राज्याच्या टीममध्ये गेली!

वैजयंता उजवीकडं टाकायची, तेही घाईघाईनं, नाडीला हात न लावता. आणि आमची उजवीकडून अशी मारायची की चेंडू दिसतच नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं, हळदीचा गुण.

जेवताना मच्छिंद्रनं विचारलं, खांदा कसा आहे गं? तर ही ताटावर वाकून हसायला लागली. खांदा कधी दुखलाच नव्हता. म्हणली, बाबा, साळूआजीपर्यंत हे खोटंच पोचवायचं होतं, आणि आपल्या आजीएवढी जल्दी पोस्ट कोणतीच न्हाई. मच्छिंद्रला हसून हसून ठसका लागला. ट्यूशनचं पुढच्या वर्षी बघू म्हणला. सरांना ठाऊक होतं. ह्यांनाही ठाऊक होतं, आणि इथं बसून गुमान लिहून घेत होते!

पोरीचं मन पक्कं झालंय. ते मी केलं न्हाई. शिवकन्या म्हणली, आजी, तुझ्यामुळंच जिंकले. हेही किती खरं धरावं, कळत न्हाई.

साळूबाई मात्र निघताना माझ्याशी बोलल्या न्हाईत. त्यांना वाटलं, मी फसवलं. मी फसवलं न्हाई हे सांगायचं, तर मीच फसले हे सांगावं लागतं.

म्हणून अहो, फोन लावू नका. उद्या परभणीच्या गाडीनं साळूबाईंकडं आपल्या घरचं आमटीचं येसर पाठवा, डबा गच्च भरून. सोबत तिळाची चटणी, वैजयंताला आवडते. चटणीत तिखट कमी घाला.