शिवणीतला मुलगा

प्रिय धाकटे,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, तेव्हा हातातला ब्रश खाली ठेव आणि नीट बसून वाच. तुझ्या पुस्तकाला पानांचे आकडे नाहीत. बत्तीस पानांचं पुस्तक, आणि त्यातल्या एकाही पानाला आपण कितवे आहोत याचा पत्ता नाही. चोवीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्या सख्ख्या भावाकडून तू मुद्रितं तपासून घेतलीस, एकशे त्रेचाळीस शब्द तीन-तीनदा डोळ्यांत तेल घालून वाचायला लावलेस, आणि चूक सापडलीच तर ती कुठे सापडली हे सांगायची सोय मात्र ठेवली नाहीस. कावळा कुंपणावर बसलाय त्या पानावर स्वल्पविराम हवा, असं मी कळवलं, तर तुझं उत्तर काय, तर 'दादा, कावळा तीन पानांवर आहे.' शास्त्रात याला अनवस्था म्हणतात. आपल्या आईने याला धांदरटपणा म्हटलं असतं. तू म्हणालीस की मुलं आकडे बघत नाहीत, चित्रं बघतात. मला ती पळवाट वाटली होती.

ती पळवाट नव्हती, हे आता लेखी मान्य करतो. तुझं पुस्तक माझ्या भिंगरीने आमच्याच शाळेतल्या तिच्या वर्गात नेलं आणि तिथे ते इतकं फिरलं, की ते परत घरी आणायला मला अर्ज करावा लागला. आठ-आठ वर्षांच्या त्या पोरींनी आणि पोरांनी पानांना आपापली नावं ठेवलीत. 'बुटाचं पान', 'हसणाऱ्यांचं पान', 'मला घाई नाही'. मधल्या सुट्टीत मी वर्गावरून जात होतो, तर एक पोरगं दुसऱ्याला दटावत होतं, 'ए, थांब ना, माझं बुटाचं पान व्हायचंय अजून.' मी आयुष्यभर ज्यांची पारायणं केली त्या ग्रंथांबद्दल असं भांडण झालेलं माझ्या ऐकिवात नाही. माझ्या वर्गात तर पान उलटलं की मुलांना सुटल्यासारखं वाटतं.

आणि गोष्ट तरी केवढीशी. एका पायाच्या बुटाला जाड तळवा असलेली मुलगी. तिघं मोठी मुलं तिचा तो बूट काढून घेतात आणि मैदानभर झेलत बसतात. ती लंगडी घालत मागे धावेल, मग मजा येईल, असा सगळ्यांचा हिशेब. ती धावतच नाही. मैदानाच्या मधोमध खाली बसते आणि म्हणते, 'मला घाई नाही.' मग एक मुलगी येऊन तिच्या शेजारी बसते. मग आणखी एक. शेवटी सगळं मैदान बसलेलं, आणि ती तिघं उभी, हातात एक बूट घेऊन. दुसऱ्याचा बूट हातात धरून उभं राहणं हे किती बावळट काम आहे, ते तुझ्या त्या एका चित्रात जितकं दिसतं, तितकं मला शंभर सुभाषितं पाठ करूनही कधी दिसलं नव्हतं. ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायला उठलोच नाही. तुझ्या वहिनीने येऊन विचारलं, बरं वाटत नाही का.

आता शिवणीची गोष्ट. तूच मला एकदा समजावलं होतंस, की दोन पानांवर पसरलेलं चित्र काढताना मधोमध कुणाचं तोंड येऊ द्यायचं नाही, कारण पुस्तक शिवलं की ती शिवण माणसं गिळते. नवशिके ही चूक करतात, म्हणाली होतीस. तर तीन आठवड्यांपूर्वी भिंगरीने तुझं पुस्तक जमिनीवर उघडं पालथं न घालता उताणं ठेवलं, दोन्ही कोपरं त्यावर रोवली आणि सगळं वजन टाकलं. कर्र असा आवाज झाला. मी ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, 'बाबा, इथे आत एक मुलगा आहे.' मी म्हटलं, शक्य नाही, तुझी आत्या मुरलेली चित्रकार आहे. ती म्हणाली, 'आहे. या ना. चष्मा लावून या.' चष्मा लावून गेलो. 'हसणाऱ्यांच्या पाना'वर, मागे जो जिना आहे, त्या जिन्यावर. शिवणीच्या डावीकडे अर्धी कॉलर, गळ्यापर्यंत बटण लावलेली. उजवीकडे एक हात, त्यात वही, आणि वहीत खूण म्हणून अडकवलेलं बोट. आपल्या शाळेत वरचं बटण लावणारा मुलगा एकच होता, धाकटे, आणि वहीत बोट घालून फिरणाराही तोच.

तीनदा तपासली मी ती मुद्रितं. अक्षर न अक्षर. हा मुलगा मला दिसला नाही.

भिंगरीने विचारलं, 'हा खाली का येत नाहीये?' मी म्हटलं, त्याचा पाय दुखत असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दोन आणि दोन पाच म्हणणाऱ्याकडे पाहतो. म्हणाली, 'पाय तर तिचा दुखतो.' आणि पान उलटून पुढे गेली. मला मात्र पुढे जाता आलं नाही. तू मला तिथे नवशिक्यासारखं चुकून ठेवलं नाहीस, एवढं मला कळतं. मला सापडू नये म्हणून तिथे ठेवलंस की सापडावं म्हणून, हे विचारायचा अधिकार मला नाही. पण पस्तीस वर्षं एखादी गोष्ट बोलायची नाही, आणि मग ती इतक्या नेमक्या जागी ठेवायची, की पुस्तक मोडेपर्यंत उघडल्याशिवाय दिसू नये, या कसबापुढे मी हात जोडले आहेत. खरोखरच जोडले. भिंगरी म्हणाली, बाबा, तुम्ही काय करताय.

तो दिवस मला आठवत नाही असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. तू नऊची, मी तेराचा. तुझा डावा पाय दोन बोटं आखूड, म्हणून चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेला तो जाड तळव्याचा बूट, आणि त्यावरून पडलेलं तुझं नाव, 'डुलडुल'. मी जिन्यावर उभा होतो. पाठांतराची स्पर्धा होती, शब्दरूपं म्हणत होतो. खाली तुझा बूट या हातातून त्या हातात जात होता आणि मी स्वतःशी म्हणत होतो, हे एवढं रूप होऊ दे, मग उतरतो. मग पुढचं रूप. आता घंटा होईलच. तू मधोमध बसलीस आणि घंटा होईपर्यंत उठली नाहीस. पुस्तकात तुझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसते. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. ती मुलगी तुला पस्तीस वर्षांनी स्वतःच काढून घ्यावी लागली. बूट त्यांनी छपरावर फेकला. तू एक बूट आणि एक मोजा अशी घरी चाललीस, आणि मी दहा पावलं मागून. आईने विचारलं, मोजा कसा फाटला, तर तू म्हणालीस, 'खेळताना.' आणि माझ्याकडे एकदाच पाहिलंस. स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. तो कप अजून कपाटावर आहे. तुझी वहिनी त्यात सेफ्टी पिना ठेवते, त्याची योग्यता तेवढीच आहे.

मी खाली उतरायला हवं होतं. हे वाक्य लिहायला मला पस्तीस वर्षं आणि एक फाटलेली शिवण लागली.

आता बुधवारचं सांगतो. भिंगरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे, फार जाड भिंगांचा चष्मा लावते. दोघींची मैत्री वगैरे काही नाही, उलट खिडकीजवळच्या जागेवरून वाद आहे. मधल्या सुट्टीत खालच्या लांब व्हरांड्यात सातवीतल्या तिघींनी तिचा चष्मा काढून घेतला. एकीच्या डोक्यावरून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. ती पोर भिंत चाचपत चालली होती आणि चष्मा हातात असलेली तिला सांगत होती, 'उजवीकडे, उजवीकडे... अगं, तुझं उजवं.' बाकीची हसत होती. भिंगरी गर्दीतून आली. मला वाटलं होतं, भांडेल. तिला भांडण चांगलं येतं, आत्यावर गेली आहे. ती भांडली नाही. त्या मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं, स्वतः शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, 'आम्हाला घाई नाही.' तू एकवचन लिहिलं होतंस, पोरीने त्याचं बहुवचन केलं. मग एक मुलगा बसला. मग दोघी आल्या, एकमेकींना ढकलत, लाजत, पण बसल्या. बघता बघता व्हरांडा भरला. हसणं कुठे थांबलं ते कळलंच नाही. शिपाईकाका घंटा द्यायला आले, ते घंटेची हातोडी हातात धरून नुसते उभे राहिले. धाकटे, मी पुष्कळ पूजा पाहिल्या आहेत, पण इतकी माणसं इतक्या शांतपणे बसलेली मी पाहिलेली नाहीत. त्या तिघींपैकी थोरलीच्या हातात तो चष्मा, आणि ती अगदी तुझ्या चित्रातल्यासारखी उभी. मग तिने तो टाकून दिला आणि एक भिंग फुटलं.

तू म्हणशील, दादा, हे तू इतकं बारकाईने सांगतोयस, तर तू कुठे होतास? मी जिन्यावर होतो. हातात हजेरीपट होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा होतो. हजेरीपटात तोंड घातलं नाही, एवढीच पस्तीस वर्षांतली प्रगती. खालीही उतरलो नाही. चष्मा फुटला तेव्हा भिंगरीने वर पाहिलं, थेट माझ्याकडे. रागाने नाही. 'हा खाली का येत नाहीये' असं विचारल्यासारखंही नाही. ते तिला आता कळलं होतं.

ती थोरली मुलगी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची भाची आहे. तिचं म्हणणं, आम्ही चष्मा नुसता बघायला घेतला होता, ही लहान मुलं वाटेत बसली, त्यांना अडखळून तो पडला. म्हणून भिंगरीने वाट अडवल्याबद्दल लेखी माफी मागावी, असं ठरतंय. काल बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या, माझ्या टेबलाशी थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, 'सर, तुम्ही तेव्हा इथेच बसलेले असाल ना.' तो प्रश्न नव्हता. आणि मी, ज्याला शब्दांच्या व्युत्पत्त्या झोपेत उठवून विचारल्या तरी सांगता येतात, मी म्हणालो, 'हं.' त्यांनी ते लिहून घेतलं.

हे पत्र मी शाळा सुटल्यावर त्याच टेबलाशी बसून लिहितो आहे. पानांचे आकडे हा बहाणा होता, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. उद्या साडेदहाला बाईंच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आहे. त्या चष्मेवाल्या मुलीचे आईवडील असतील, भिंगरी असेल, मी असेन. हे सुरुवातीपासून पाहिलेला मोठा माणूस मी एकटाच आहे. वर्गशिक्षिकेने भिंगरीला विचारलं होतं, कुणी मोठ्यांनी पाहिलं का गं? ती म्हणाली, 'माहीत नाही.' खोटं कधी न बोलणारी माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली. घरी येऊन तिने मला काहीही विचारलं नाही. फक्त रात्रीच्या जेवणात माझ्या ताटात तिच्या वाटची पोळी ठेवली, जसं आजारी माणसाला वाढतात. नोकरीची भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटते, पण ती लहान भीती आहे. मोठी भीती ही, की उद्या मी तोंड उघडेन आणि त्यातून पुन्हा 'हं' एवढंच बाहेर पडेल, आणि माझी आठ वर्षांची मुलगी मला सांभाळून घेईल, जसं नवव्या वर्षी तू घेतलं होतंस.

तुझाच,
अजून जिन्यावर असलेला
दादा