लडकूकडची हजेरी

१४ नोव्हेंबर १९७६, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. फक्त खरं लिहायचं, कारण वाचणारा मीच.
लडकूकडे सहाला गेलो, पावणेसातला निघालो. चौथीपासूनचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी बोरघाटात गवताच्या ट्रकवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. त्याची आई सोनुकाकी सत्तरीची, तिला तो उचलत नाही. म्हणून रोज मी उचलतो, अंघोळ घालतो, पाठ चोळतो, कुशीवर वळवतो. मैत्री म्हणून. त्याचा भाऊ नामा बोटीवर असतो. तो दरमहा माझ्या खात्यात काही पाठवतो, ती गोष्ट वेगळी. लडकूला हे ठाऊक नाही. सांगू नकोस, असं नामानेच लिहिलंय.

२२ नोव्हेंबर
कारखान्यात कॅशियर म्हणाला, गजाननराव, टाइमकीपरचा पगार इन्कम टॅक्सच्या काठावर आलाय. वरकमाई असेल तर सांभाळा, हल्लीचे दिवस कडक आहेत. मी म्हणालो, मला कसली वरकमाई? डबा तसाच परत आणला.

२८ नोव्हेंबर, रविवार
खालापूरहून कर्जतला नागूभाऊंकडे. ते लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देतात. म्हणाले, प्रेमाने दिले असतील तर भेट, टॅक्स नाही. कामाचे दिले असतील तर उत्पन्न. मी म्हणालो, प्रेमानेच. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, उद्या पैसे बंद झाले तर जाल? काय प्रश्न झाला! म्हणालो, दुप्पट जाईन.
दुप्पट कशाला म्हणालो, कळत नाही.

५ डिसेंबर
लडकूची पाठ चोळताना मागे टण् वाजलं. कारखान्यातल्या कार्ड मारायच्या घड्याळासारखं. वळून पाहिलं तर नुसतं कॅलेंडर. लडकूला विचारलं, काय वाजलं? म्हणाला, काय नाय रं, चोळ तू.

७ डिसेंबर
पुन्हा. शिरताना एकदा, निघताना एकदा. डॉक्टरांकडून कान साफ करून घेतले. बराच मळ निघाला. प्रश्न मिटला.

८ डिसेंबर
टण्. सहा वाजून दोन मिनिटं. दोन मिनिटं लेट होतो.

२ जानेवारी १९७७
नामाचं पत्र. पैसे संपले, या महिन्यापासून येणार नाहीत. फार चांगलं झालं! आता नागूभाऊंना तोंडावर उत्तर देता येईल. बायकोला, जनीला, म्हणालो, आता बघ मैत्री काय असते. ती म्हणाली, भाकरी निवतेय.

३ जानेवारी
गेलो. सातपर्यंत थांबलो. काही वाजलं नाही. मन हलकं.

९ जानेवारी, रविवार
कारखान्यालासुद्धा आठवड्याची सुट्टी असते.

१२ जानेवारी
गेलो. पाठ चोळताना तीन शिंका आल्या. लडकूला माझी सर्दी लागली तर? त्याच्या तब्येतीचा विचार करून चार दिवस न जायचं ठरवलं.

१९ जानेवारी
सर्दी गेली, गुडघा धरला.

२ फेब्रुवारी
संकल्प: एक तारखेपासून नियमित. आज दोन असल्यामुळे, मार्चपासून.

२० फेब्रुवारी
सोनुकाकी दारात आली. मी मोरीत गेलो. तिचा आवाज येत होता. जने, गजाला सांग, लडकूची पाठ फुटलीय गं, मला वळवत नाय त्याला. जनी म्हणाली, हायत की घरात. मी तांब्याने अंगावर पाणी ओतत राहिलो. अंगात सदरा होता.
काकी बराच वेळ उभी होती. जनी आज माझ्याशी बोलली नाही. तिची तब्येत ठीक नसावी.

४ मार्च
सहाला आपोआप जाग येते. हातांवर वजन येतं. चहाचा कप उचलला तर एका माणसाएवढा जड. दोन्ही हातांनी धरला. जनी बघत होती. अशक्तपणा. टॉनिक आणायला हवं.

९ मार्च, दुपारी १२.३०
गेटवर दुसऱ्या पाळीची कार्डं मोजली. एक जास्त, कोरं. पुन्हा मोजली, बरोबर भरली. ऊन फार आहे.
सायकलवरून लडकूच्या गल्लीने जायचं टाळतो. तिथे खडी पसरलीय, टायरला बरं नाही.

१० एप्रिल
नागूभाऊंचा निरोप. गेल्या वर्षाचा फॉर्म भरायचाय. ज्याची सेवा केली त्याची सही आणा, की मदत स्नेहापोटी होती. म्हणजे लडकूला पैशांचं सांगावं लागणार. गोड बोलून सांगेन. त्या निमित्ताने भेटही होईल. मी काही त्याला विसरलेलो नाही.

११ एप्रिल, सायंकाळी ६
लडकू पालथा होता. खोलीत डेटॉलचा वास, त्याखाली दुसराच. सोनुकाकी मला बघून मागच्या दारी गेली. मी सगळं सांगितलं, कागद पुढे केला.
तो उशीत हसला. म्हणाला, गजा, ते पैसे नामाचे नव्हते रं. ट्रकवाल्यानं दिलेली भरपाई होती, माझीच. मीच नामाला लिवलं, तुझ्या नावानं गजाला पाठव. मी दिले तर तो लाजंल, नाय दिले तर येनार नाय.
मी म्हणालो, आलो असतो रं.
त्याने हात पुढे केला. मग म्हणाला, आण तो कागद, करतो सही.
मी कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हणालो, उद्यापासून येतो.
नको रं, म्हणाला, आता द्यायला काय नाय.

१७ एप्रिल, रविवार
कर्जत. नागूभाऊंना खरं ते सांगितलं. म्हणाले, मग भेट कसली, ही मजुरी. मालकाचं नाव सांगा. सांगितलं. लडकू कोंडाजी ठोंबरे. त्यांनी सावकाश लिहिलं. टॅक्स तेवीस रुपये निघाला. माझा अंदाज शंभराच्या वर होता.
मग त्यांनी विचारलं, काम का सोडलं?
म्हणालो, पगार थांबला.